अवतार बदलला, म्हणून काय बिघडले?

‘कल्की २८९८ एडी’ या चित्रपटाने २०२४ साली विष्णूचा दहावा अवतार यंत्रयुगात आणून ठेवला. ज्या मातेच्या उदरी तो अवतार येणार, त्या सुमतीची भूमिका दीपिका पदुकोण यांनी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनी जाहीर केले की, पुढील भागात त्या नसतील. आणि अनेक चाहत्यांनी एकच गिल्ला केला. सुमतीच ती राहिली नाही, मग कथा राहिली कोठे?

आमच्या मते हा दावाच चुकीच्या मुद्द्यावर लावलेला आहे.

चेहरा बदलणे हा कथेचा अपराध नव्हे. ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानमालिका इंग्लंडात १९६३ साली सुरू झाली. तिचे पहिले नायक विल्यम हार्टनेल १९६६ साली प्रकृती साथ देईना म्हणून निघाले, तेव्हा कर्त्यांनी नायकालाच कायापालटाची शक्ती दिली व पॅट्रिक ट्रॉटन त्या जागी उभे राहिले. पेडण्याच्या माणसाला यात नवल ते काय? आमच्या जत्रांत दशावतारी मंडळी येतात, तेव्हा काळ्या बुरख्यातून लाल जीभ लोंबविणारा संकासुर गतसालचाच आहे काय, असे कोणी विचारीत नाही. स्त्रीची भूमिका पुरुष करतो, राजा दरसाल निराळा असतो, संवाद तर परंपरेने आयत्या वेळी सुचतील तसे बोलले जातात. तरी प्रेक्षक पहाटेपर्यंत बसून राहतो. संकासुराने वेद पळवावेत आणि विष्णूने ते सोडवून आणावेत, हा करार कोणत्याही नटाने मोडलेला नसतो.

चाहत्यांची दुसरी एक तक्रार आहे, ती मात्र न्याय्य आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने ल्यूक स्कायवॉकर हा नायक दिला. २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये नवी नायिका त्याची जुनी तेजस्वी तलवार श्रद्धेने त्याच्या हाती देते, आणि तो ती खांद्यावरून मागे भिरकावून देतो. नव्या पिढीची नायक स्त्री आहे, एवढेच ज्यांना खुपले त्यांची कैफियत आम्ही खर्चासह फेटाळतो. परंतु जुन्या नायकाच्याच हातून जुन्या कथेची टर उडविली गेली, असे ज्यांना वाटले, त्यांचे दुःख खरे आहे.

आपल्या रामायणाने असाच प्रसंग कसा हाताळला, पाहा. ज्याच्या बाणाने ही भूमी समुद्रातून वर आली असे आपण मानतो, तो परशुराम रामाची वाट अडवितो. वैष्णव धनुष्य पुढे करतो. राम ते सज्ज करतो, आणि जुना अवतार नव्याला ओळखून महेंद्र पर्वताकडे चालू लागतो. पराभव झाला, अप्रतिष्ठा झाली नाही. परशुरामाला लहान करून राम मोठा झालेला नाही.

निर्माते म्हणतील, कथा आमच्या मालकीची आहे. असेल. परंतु आमच्या गोव्यात मुलेबाळे असलेला मालकदेखील सामान्यतः अर्ध्याहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने परक्यास देऊ शकत नाही. उरलेला अर्धा वाटा वारसांसाठी राखीव असतो. ज्या प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या कथा जिवंत ठेवली, त्यांचाही असा एक राखीव वाटा आहे. तो न्यायालयात मागता येत नाही, एवढेच.

मात्र परक्यांवर डाफरताना आपल्याच मांडवाखाली काय चालले आहे? ‘ट्रिकसीनयुक्त’ अशी जाहिरात वाचून नाटक ठरविले जाते. धूर, दिवे व यंत्राने उडणारे देव यांना आमची मनाई नाही. तोही नवा अवतारच. परंतु त्यांना वेळ मिळावा म्हणून अनेक ठिकाणी आड दशावतार आखडला जातो, आणि संकासुर दर्शन देण्यापुरता येऊन जातो. चित्रपटवाल्यांनी तलवार भिरकावली, आम्ही वेदच वाटेत सोडले! पेडणे-डिचोलीच्या देवस्थान समित्यांना आमचे सांगणे एवढेच: नाटक ठरविताना नट कोण आहेत हे नंतर विचारा, संकासुराला पुरता वेळ मिळणार आहे काय, हे आधी विचारा.