निरोध वापरा आणि नीट वापरा : केडगाव परिसरातील जोडप्यांना जाहीर आवाहन

केडगाव, बोरीपार्धी, चौफुला परिसरातील बंधू-भगिनींनो,

आपल्या गावाचे नाव पंडिता रमाबाईंमुळे दूरवर पोहोचले. घराने टाकलेल्या, फसवल्या गेलेल्या स्त्रियांना त्यांनी इथल्या मुक्ती मिशनच्या कृपासदनात आसरा दिला. रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच घरातल्या रघुनाथ कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि लोकांची निंदा सोसून ते चालवले. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. आजही आपल्याकडे ऑपरेशन बाईचे, तांबी बाईला, गोळ्या बाईला, आणि दिवस राहिले तर खाली करायलाही बाईनेच जायचे. पुरुषाने आपला वाटा उचलावा, यासाठी हे आवाहन आहे.

आधी दिवस कसे राहतात ते समजून घ्या. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी सुटते आणि सुमारे एक दिवस टिकते. पण आजारपण, दगदग, काळजी यांनी ही तारीख मागेपुढे होते. त्यामुळे ‘पाळीनंतरचे दिवस बिनधोक’ या हिशेबावर विसंबू नका. पहिल्याच संबंधातही दिवस राहू शकतात. वीर्य बाहेर सोडले तरी राहू शकतात. संबंधानंतर लगेच धुऊन घेतल्याने काही टळत नाही. बाळ अंगावर पीत असताना दिवस राहत नाहीत, हेही अर्धेच खरे आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर, आणि आईची पाळी अजून सुरू नाही, या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच तो आधार धरता येतो.

उलट मिठी, चुंबन, एकच टॉवेल वापरणे किंवा अंगावर कपडे असताना जवळ येणे, यांनी गर्भ राहत नाही. तरुण मुलामुलींनी या भीतीपायी झोप घालवू नये.

आता निरोधविषयी. शंभर जोडप्यांनी वर्षभर प्रत्येक वेळी तो अचूक वापरला, तर सुमारे दोघींना दिवस राहतात. लोक सर्वसाधारणपणे वापरतात तसा, कधी विसरून, कधी उशिरा चढवून वापरला, तर सुमारे तेरा जणींना. वस्तू तीच, फरक वापरण्याचा. म्हणून पुढच्या गोष्टी पाळा :

१. पाकिटावरची मुदत पाहा. पाकीट उन्हात, चुलीजवळ किंवा महिनोन्‌महिने खिशात ठेवू नका.
२. पाकीट हाताने कडेने फाडा. दात, कात्री, ब्लेड नको.
३. लिंग ताठ झाल्यावर, योनीला स्पर्श होण्याआधीच निरोध चढवा. मध्येच चढवलेला निरोध उशिराचा असतो.
४. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मुळापर्यंत उलगडा. उलटा लागला तर तो टाकून नवा घ्या.
५. खोबरेल, तूप, व्हॅसलीन लावू नका. तेलकट पदार्थाने रबर कमजोर होऊन फाटते. लागल्यास औषध दुकानात मिळणारे पाण्याचे जेल वापरा.
६. एकावर एक दोन चढवू नका.
७. वीर्य पडल्यावर ताठरता असतानाच, निरोधची कड धरून बाहेर या. गाठ मारून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. संडासात किंवा उसाच्या फडात नको.
८. दर वेळी नवा निरोध. धुऊन पुन्हा वापरू नका.

निरोध फाटला किंवा निसटला, तर घाबरून गप्प बसू नका. तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, घ्यावी. ती औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ती अडचणीच्या वेळेसाठी आहे, नेहमीसाठी नाही. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे त्यासाठी ‘निश्चय’ किट असते. दिवस राहिले असतील आणि नको असतील, तर गावठी काढे किंवा कुणी सांगितलेल्या गोळ्या घेऊन जीव धोक्यात घालू नका. १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त केंद्रात, डॉक्टरांच्या हातून गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन फसल्याचे कारण अविवाहित स्त्रीलाही देता येते.

एड्स आणि गुप्तरोगांपासून बचाव करणारे गर्भनिरोधक साधन निरोध हेच आहे. तांबी किंवा गोळी ते काम करत नाही.

आता प्रत्येकाकडे एकेक मागणे आहे. नवरे मंडळींनो, निरोध आणण्याची आणि वापरण्याची जबाबदारी तुमची. बायकोला मागायला लावू नका. औषध दुकानदारांनो, मागणाऱ्याकडे रोखून पाहू नका, वय-नाते विचारू नका. गुऱ्हाळमालक आणि ऊसतोडीच्या मुकादमांनो, हंगामात आलेल्या जोडप्यांना आशाताईंची गाठ घालून द्या. त्यांनाही हेच हवे असते, पण परक्या गावात विचारायचे कुणाला? शिक्षकांनो, शरीराचा धडा वगळू नका. ग्रामपंचायतीने आरोग्य केंद्राबाहेर निरोधची पेटी अशा जागी ठेवावी, की घेणाऱ्याला कुणाला काही सांगावे लागणार नाही.

सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे निरोध मिळतो. शंका असेल तर आरोग्यसेविकेला विचारा, नाहीतर १०४ या क्रमांकावर फोन करा. मूल कधी हवे, हे दोघांनी मिळून ठरवा, आणि नको असेल तेव्हा काळजीही दोघांनी मिळून घ्या.

आपली,
केडगाव परिसरातील एक आरोग्य कार्यकर्ती