वुजूचा तांब्या बातमीत बसत नाही का?

30 मार्च 2025 च्या पहाटे, ईद तोंडावर असताना, गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. अल्लाहच्या कृपेने कुणी जखमी झालं नाही. दोघांना अटक झाली. कॅमेरे आले, ‘तणावपूर्ण शांतता’ लिहिली गेली, कॅमेरे परत गेले. त्या गावातले मुसलमान पोट कशावर भरतात, त्यांची पोरं कुठल्या शाळेत जातात, हे मी नंतर शोधत राहिलो. फारसं हाती लागलं नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण बघा. एप्रिल 2019 मध्ये ‘बिझनेसलाइन’च्या पत्रकाराने वंजारवाडीत जाऊन ऊसतोड बायकांचं ऐकून घेतलं. गर्भपिशव्या का काढल्या, खाडा पडला की पैसे कसे कापले जातात, हे त्या बोलल्या. राज्यभर गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सरकारने मोजायला सुरुवात केली ती कुणीतरी आधी ऐकून लिहिलं म्हणून.

अशा लेखनाला मराठीत रिपोर्ताज म्हणतात. अनिल अवचटांनी आयुष्यभर हेच केलं. माझा प्रश्न एवढाच, की यात आपण कुठे आहोत? लिहिणारे म्हणून नाही, आणि ज्याच्यावर लिहिलं जातं तो अख्खा माणूस म्हणूनही नाही. ऊसतोडीवर लिहिलं तर आपण मजूर, स्फोटावर लिहिलं तर मुसलमान. दोन्ही एकाच वेळी असायला बंदी असल्यासारखं.

मी एका दैनिकासाठी टँकरच्या पाण्यावर लिहिलं होतं. एक आजी एका तांब्यात वुजू करायची आणि ते पाणी परातीत धरून शेळीला पाजायची. दुष्काळ याहून नेमका काय सांगणार? छापताना तेवढंच वाक्य गेलं. ‘इथे धर्म कशाला?’ असं उत्तर मिळालं. पुढच्याच महिन्यात त्याच टेबलावरून फोन, तीन तलाकवर लिहा, तुमचाच विषय आहे! म्हणजे माझा धर्म कुठे दिसावा हे ठरवणार ते.

काही मित्र म्हणतात, मग आपण आपली चांगली बाजू मांडू. मला ते पटत नाही. चांगली बाजू मांडणं ही जाहिरात झाली. सूरह हुजुरातची सहावी आयत आलेल्या खबरीची खातरजमा करायला सांगते, आणि सूरह निसाची 135 वी आयत तर स्वतःच्या, आईबापाच्या विरोधात जात असली तरी खरी साक्ष द्यायला सांगते. पत्रकारितेच्या कुठल्या वर्गात यापेक्षा कडक नियम शिकवतात? मग आपल्या मोहल्ल्यातल्या वक्फ जमिनीचं काय झालं, दहावीनंतर पोरींची शाळा का सुटते, लग्न ठरवताना बिरादरी का विचारतात, हेही आपणच लिहायला हवं. लोक नाराज होतील. होऊ देत.

आणि मराठीत लिहायला कुणाची परवानगी नको. आष्टी तालुक्यातलं वाहिरा हे ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या शेख महंमदांचं गाव. सतराव्या शतकात त्यांनी नाव न लपवता मराठीत लिहिलं. 1990 मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण जन्मलेही नव्हते. कविता पुष्कळ झाली आपल्याकडे. वही घेऊन फिरणारे कमी पडले.

सध्या रमजान ऐन गाळप हंगामात येतोय. फडावरच्या कोपीत सहेरी किती वाजता होते, रोजा धरून उसाच्या मोळ्या कशा वाहतात, मुकादम काय म्हणतो, शेजारच्या कोपीतली बाई इफ्तारला काय पाठवते, हे कुणी लिहिणार आहे का? जाणार असाल तर सांगा. कारखान्याच्या तळावर दोन-तीन टोळ्या माझ्या ओळखीच्या आहेत, मीही सोबत येतो.