सर्पदंशाची लस : वायल मोजू नका, रुग्ण मोजा

तीसेक वर्षांपूर्वी मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होतो. जुलैतल्या एका संध्याकाळी भातलावणी करणाऱ्या एका बाईंना घोणस चावली म्हणून आणले. हिरड्यांतून रक्त येत होते. रजिस्टरमध्ये लसीचा साठा ‘उपलब्ध’ होता. कपाट उघडले, तर वायल तीन! त्या दिल्या आणि बाईंना जीपने जिल्ह्याला पाठवले. त्या वाचल्या, पण उशिरामुळे किडन्यांवर परिणाम झाला आणि पुढे डायलिसिस करावे लागले.

तीन वायल का पुरल्या नाहीत? विषबाधेची लक्षणे दिसली की सुरुवातीलाच साधारण 10 वायल द्याव्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने सोडलेले विष वय पाहून कमी होत नाही. म्हणजे तीन वायलचा साठा हा एका रुग्णाचाही साठा नव्हे. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की साठा वायलमध्ये नव्हे, रुग्णांमध्ये मोजावा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. भारतात दरवर्षी सुमारे 58,000 लोक सर्पदंशाने दगावतात, असा अंदाज आहे. हे मृत्यू बहुतेक खेड्यांत होतात.

ही लस ऐनवेळी तयार होत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्यांना थोडे थोडे टोचून, त्यांच्या रक्तातून ती बनवतात. याला काही महिने लागतात. जूनमध्ये केलेली मागणी जूनमध्ये कशी पुरी होणार? आणि मागणी ठरते ती नोंदींवरून. मांत्रिकाकडेच दगावलेल्या रुग्णाची नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून मागणी कमी, मागणी कमी म्हणून लस नाही, आणि लस नाही म्हणून लोक पुन्हा मांत्रिकाकडे! केंद्र सरकारने 2024 मध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितले, ते यासाठीच महत्त्वाचे आहे.

मग काय व्हायला हवे? पावसाळ्यापूर्वी प्रत्येक केंद्रात निदान दोन रुग्णांपुरती लस हवी. पावडर स्वरूपातल्या लसीला फ्रीजची सक्ती नसते, त्यामुळे वीज नाही ही सबब चालणार नाही. लसीची रिअॅक्शन आली तर लागणारे अॅड्रेनालिन आणि रक्त गोठते का हे पाहण्यासाठी काचेची स्वच्छ, कोरडी परीक्षानळीही सोबत हवी. वापरलेली लस लगेच भरून मिळावी. जिथे ती पडून आहे तिथून मुदत संपण्याआधी गरजेच्या ठिकाणी हलवावी.

तुम्हीही एक काम करा. मे महिन्यात आपल्या आरोग्य केंद्रात जा आणि ‘लस आहे का?’ असे न विचारता ‘किती रुग्णांना पुरेल?’ असे विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ग्रामसभेत तोच प्रश्न मांडा.

आणि साप चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, विष चोखू नका. चावलेला हात किंवा पाय स्थिर ठेवा, 108 ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. तुम्ही वेळेत पोहोचाल. लसही तुमच्या आधी तिथे पोहोचलेली असली पाहिजे.