कुंडीतला वड



वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कोणत्याही गावात फिरून या. पूजेसाठी तोडून आणलेली वडाची फांदी सुताच्या दोऱ्यासकट उकिरड्यावर पडलेली दिसेल. आदल्या दिवशी जिच्यापुढे हात जोडले, तिची ही गत. त्यावर उपदेश करण्याचा माझा विचार नाही. त्या फांदीचे काय करता येते, एवढेच आज सांगणार आहे. आजचा विषय आहे बोनसाय, म्हणजेच वामनवृक्ष.

तुम्ही म्हणाल, "साहेब, रोवणी तोंडावर आली आणि हे शहरी लोकांचे खूळ कशाला?" मीही पूर्वी असेच म्हणत असे. पुण्या-मुंबईला बोनसायचे छंदी पुष्कळ. २०१८ साली पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने 'बोनसाय नमस्ते' हे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शनही भरले होते. पण त्याच्या कितीतरी आधी माझे मत बदलले ते आपल्या कोंढा भागातल्या एका मावशींनी.

गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुढे वैनगंगेचे पाणी चढू लागले आणि पवनी तालुक्यातली गावे एकेक करून उठली. ह्या मावशींचे गाव त्यांतलेच. निघताना लोकांनी कवेलू उतरवले, दारे-चौकटी काढल्या, विहिरीवरचा रहाट सोडवला. मावशींनी पारावरच्या वडाच्या दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. नव्या गावठाणात एक रस्त्याकडेला लावली, दुसरी फुटक्या घमेल्यात. रस्त्याकडेची शेळ्यांनी खाल्ली. घमेल्यातली जगली.

मी भेटीला गेलो तेव्हा ती हातभर उंच होती. मी सल्ला दिला, "मावशी, हिला आता जमिनीत लावा." त्या म्हणाल्या, "सायेब, जमीन एकदा सोडून आलो. आता हे झाड मले उचलून नेता आलं पायजे."

ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरी जाऊन मी बोनसायचे पुस्तक उघडले.

झाड उपाशी ठेवायचे नसते

'बोन' म्हणजे पसरट भांडे आणि 'साय' म्हणजे लावणे. ही विद्या चीनमधून जपानात गेली आणि तिथे तिला आजचे रूप आले. पुष्कळांना वाटते की हे झाड उपाशी ठेवून खुरटवतात, किंवा त्याची बुटकी जात असते. दोन्ही समज चुकीचे. वड तोच असतो. फक्त मुळे आणि शेंडा वेळच्या वेळी छाटून त्याला आटोपशीर ठेवतात. चहाचे झुडूप मोकळे सोडले तर त्याचे झाड होते. मळ्यात ते छाटून कमरेइतके ठेवतात. त्याला कोणी छळ म्हणत नाही. खरा छळ पाणी द्यायला विसरण्यात आहे.

जुनी माणसे म्हणतात, वड घरात नको. त्यामागे कारण आहे. भिंतीच्या फटीत रुजलेला वड-पिंपळ घर फोडतो. कुंडीतला वड तसे करणार नाही. मात्र कुंडी थेट जमिनीवर ठेवू नये. तळच्या भोकातून मुळे जमिनीत उतरतात आणि मग कुंडी हलत नाही. दोन विटांवर ठेवावी.

फांदी कशी लावावी

मृग-आर्द्राचा पाऊस हा उत्तम काळ. अंगठ्याएवढी जाड, दीड वीत लांब फांदी घ्यावी. पूजेची बारीक डहाळी सहसा जगत नाही; तिच्या बुडाशी जाड तुकडा असेल तर तो घ्यावा. शेंड्याची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत. चीक धुऊन काप सुकू द्यावा आणि फांदीचा एक तृतीयांश भाग मातीत जाईल अशी लावावी. सावलीत ठेवून माती ओलसर राखावी. दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. ओढून पाहू नये.

मातीबाबत माझीच फजिती सांगतो. माझ्या पहिल्या वडाला मी चांगली काळी कन्हार माती घातली आणि धानाच्या बांधीसारखे पाणी दिले. दोन महिन्यांत मुळे कुजली. कृषी पदवीधराच्या हातून एवढी साधी चूक झाली! कुंडीत पाणी थांबता कामा नये. चाळलेली जाड रेती किंवा बरडीचा बारीक मुरूम दोन भाग, साधी माती एक भाग आणि चांगले कुजलेले शेणखत एक भाग, हे मिश्रण आपल्याकडे चालते. विटांचे बारीक तुकडे तळाशी घालावेत.

आधी वाढवा, मग लहान करा

नवखे लोक रोप लगेच पसरट कुंडीत लावतात. मग खोड वर्षानुवर्षे पेन्सिलीएवढेच राहते. पहिली तीन-चार वर्षे झाड मोठ्या कुंडीत किंवा फुटक्या बादलीत मोकळे वाढू द्यावे. खोड मनगटाएवढे झाले की फेब्रुवारी-मार्चमध्ये वितीवर कापावे. खालून नवे फुटवे येतात. त्यातला एक शेंडा म्हणून ठेवावा, दोन-तीन फांद्या म्हणून, बाकीचे खुडावेत. असे दोन-तीनदा केले की खोड बुडाशी जाड आणि वर निमुळते होते. त्यानेच लहान झाड म्हातारे दिसते. वडाचे पान मुळात मोठे, म्हणून झाड दीड-दोन फुटांचे ठेवावे. त्याहून लहान हवे असेल तर चिंच लावावी. तिचे पान बारीक आणि बी घरातच असते.

दर दोन वर्षांनी पावसाच्या सुरुवातीला झाड कुंडीतून काढावे, बोटांनी मुळे मोकळी करावीत आणि एक तृतीयांश छाटावीत. सरळ खाली गेलेले जाड मूळ आधी कापावे. नव्या मातीत लावून आठवडाभर सावलीत ठेवावे. पऱ्हे उपटून रोवल्यावर आठ दिवस मान टाकतात आणि मग धरतात, तसेच हे.

फांदीला वळण द्यायला जळालेल्या मोटारीची तांब्याची तार वापरावी. दोन-तीन पदर पिळून घ्यावेत. तार तिरकी गुंडाळून फांदी हळूहळू वाकवावी. पावसाळ्यात वड झपाट्याने भरतो, म्हणून दर आठवड्याला पाहावे आणि तार सालीत रुतण्याआधी कापून काढावी. उलगडत बसू नये, फांदी मोडते.

वडाला ऊन हवे. दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला वड पाने गाळतो. सकाळचे चार-पाच तास ऊन द्यावे. एप्रिल-मेमध्ये दुपारी आडोशाला ठेवावा. बोटाचे पहिले पेर मातीत घालावे, कोरडे लागले की पाणी द्यावे. आपल्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही द्यावे लागते. फुटीच्या दिवसांत महिन्यातून एकदा मूठभर कुजलेले शेणखत किंवा चमचाभर निंबोळी पेंड पुरते. युरियाची चिमूट घालू नये.

एक ताकीद. जंगलातून जुनी झाडे उपटून आणू नका. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आपल्याला लागूनच आहे. तिथून रोप काढणे गुन्हा आहे. पवनीच्या जुन्या तटावरची रोपेही ओढू नका, तटाचे दगड सुटतात. आपल्या घराच्या भिंतीत पिंपळ-उंबर उगवले असतील ते मात्र खुशाल काढा. भिंत वाचेल आणि झाडही.

झाड कोणाच्या हाती देणार?

जपानात हिरोशिमाला यामाकी नावाच्या घराण्याकडे एक पाइनचे बोनसाय होते. १६२५ पासून ते कुंडीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तिथे अणुबॉम्ब पडला; झाड बागेच्या भिंतीआड होते, ते वाचले. १९७६ साली त्या घराण्याने ते अमेरिकेला भेट दिले. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्यालाच! आज ते वॉशिंग्टनला आहे. चारशे वर्षे कोणी ना कोणी त्याला रोज पाणी घातले, म्हणून ते आहे.

म्हणून बोनसाय लावण्याआधी घरात एकच प्रश्न विचारावा: आपण लग्नाला चार दिवस गेलो तर पाणी कोण घालील? उत्तर नसेल तर लावू नये. ह्यातून लगेच पैसे मिळतील अशी आशाही धरू नये. हे दहा-वीस वर्षांचे काम आहे.

मावशींच्या वडाला आता पारंब्या फुटल्या आहेत. पावसाळ्यात दमट हवेत त्या सुटतात. मावशी त्यांना ओला काथ्या बांधून मातीपर्यंत नेतात. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. दरवर्षी छाटलेल्या जाड फांद्या त्या टाकत नाहीत, लावतात. फांदीपासून केलेले रोप म्हणजे तेच झाड, दुसरे नव्हे. त्यांतली दोन रोपे नव्या गावठाणात काटेरी कुंपण करून जमिनीत लावली आहेत. ती माझ्या डोक्याच्या वर गेली. मी म्हटले, "मावशी, आता जमिनीवर भरवसा बसला वाटते?" त्या म्हणाल्या, "हे लेकराईसाठी. घमेल्यातला माह्यासाठी."

पाण्याखाली गेलेल्या पाराचा वड अशा रीतीने तीन ठिकाणी जिवंत आहे. तुमच्या गावचा जुना वड रस्ता रुंद होताना पडणार असेल, वादळाने मोडला असेल, किंवा नुसता म्हातारा झाला असेल, तर ह्या पावसात त्याची एक जाड फांदी घ्या. एक तुकडा कुंडीत, एक जमिनीत. आणि वटपौर्णिमेची फांदी आणलीच असेल, तर उकिरड्याकडे नेण्याआधी तिचे बूड एकदा चाचपून पाहा.