हरलात तरी एक गुण

बास्केटबॉलच्या साखळी फेरीचा एक नियम मला भयंकर आवडतो. जिंकलात तर दोन गुण. हरलात तर एक. मैदानावर आलाच नाहीत, तर शून्य. म्हणजे यायचं, चाळीस मिनिटं जीव तोडून पळायचं, सणसणीत मार खायचा आणि तरीही एक गुण खिशात टाकून परतायचं. अप्रेझलच्या फॉर्मवर असा रकाना असता तर हिंजवडीतली निम्मी जनता सुखी झाली असती!

हे ज्ञान अर्थात माझं नाही. ते माझ्या फ्लॅटमेटचं. बाईसाहेब युनिव्हर्सिटीकडून खेळलेल्या, पॉइंट गार्ड. सध्या फेज टूमध्ये टेस्टिंग करतात आणि मारुंजीच्या आमच्या टू बीएचकेत स्पोर्ट्सचं खातं सांभाळतात. भाजी, वायफाय आणि घरमालकाचे फोन माझ्याकडे.

तर २०२३ चा सप्टेंबर आठवा. चीनमध्ये हांगझोला एशियन गेम्स सुरू होते. २५ तारखेला आपल्या मुलींनी क्रिकेटचं गोल्ड मारलं, सांगलीची स्मृती मानधना त्यात होतीच, आणि सगळ्या ग्रुप्सवर बदाम, तिरंगे, फटाके. २८ ला अनंत चतुर्दशी. या दोन्हींच्या मध्ये, २७ ला, भारताच्या महिला बास्केटबॉल टीमने इंडोनेशियाला ६६-४६ असं हरवलं. ग्रुपवर एक अंगठा आला. तोही फ्लॅटमेटचाच.

टीमची कॅप्टन कोण होती सांगा? पुण्याची शिरीन लिमये. पुण्याची! ज्या शहरात कोण कुठल्या शाळेत होतं यावरून अर्धा तास गप्पा रंगतात, तिथे भारताची कॅप्टन आपल्या गावची आहे हे माझ्या ऑफिसातल्या एकालाही माहीत नव्हतं. पाचजणांना विचारलं. एकाने ‘टेनिसवाली का?’ म्हटलं. जाऊ दे.

गणित असं होतं. बारा टीम्स, चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातल्या पहिल्या दोघी क्वार्टर फायनलला, शिवाय तिसऱ्या नंबरवरच्या तिघींपैकी दोन. आपल्या गटात यजमान चीन, इंडोनेशिया आणि मंगोलिया. फ्लॅटमेटची थिअरी अशी की आपल्यासारख्या टीमची स्पर्धा खरं तर एकाच मॅचची असते. एक मॅच हरायचीच असते, तिथे चीन उभा असतो. एक जिंकायलाच हवी. उरते ती मधली. ‘अगं, मेडल कोणाला मिळणार ते बघायला नंतर सगळेच येतात,’ ती म्हणाली, ‘आपण मधली मॅच बघायची.’

मधली मॅच २९ ला होती, मंगोलियाशी. अख्खं पुणं विसर्जन मिरवणुकीचं जागरण काढून आडवं झालेलं. आणि मंगोलिया म्हणजे कोणी ऐरागैरा नाही बरं का. तीन-तीन जणींच्या बास्केटबॉलमध्ये त्यांच्या मुली टोकियो ऑलिंपिक खेळून आलेल्या. आपण जिंकलो, ६८-६२ ने. सहा गुण. म्हणजे लांबून टाकलेले दोन बॉल. चोवीस सेकंदांत शॉट घ्यावाच लागतो अशा खेळात सहा गुणांची आघाडी म्हणजे पगाराच्या शेवटच्या आठवड्यातला बँक बॅलन्स. आहे म्हणेपर्यंत नाही.

तिसऱ्या दिवशी चीन. १११-५३. ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड होऊन आला तो नेमका हाच स्कोअर, खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या स्मायलीसकट. ६८-६२ कुणी पाठवला नव्हता. चीनने पुढे फायनलमध्ये जपानला ७४-७२ असं हरवून गोल्ड घेतलं, म्हणजे आपल्याला धुणारी टीम आशियात पहिली होती. दोन विजय, एक हार, पाच गुण, गटात दुसऱ्या. क्वार्टर फायनलला उत्तर कोरियाने ९६-५७ असं बाहेर काढलं. त्यांची पाक जिन-आ दोन मीटर पाच सेंटिमीटर उंच. आमच्या किचनच्या दारातून तिला वाकूनच यावं लागेल.

आता कुणी म्हणेल, क्वार्टर फायनलला हरल्या ना, मग एवढं काय? तर २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये याच देशाच्या टीमने गटातल्या सगळ्या मॅचेस हरल्या होत्या. इंडोनेशियाविरुद्धचीही. पाच वर्षांत तिथून इथे. वरच्या मजल्यावरून बघणाऱ्याला हा फरक दिसत नाही, जिने चढणारीला दिसतो.

आणि जिने चढायचं बक्षीसही अजब असतं. २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया कपच्या ‘ब’ विभागाची फायनल भारताने कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ अशी जिंकली. दोन गुणांनी! बक्षीस म्हणजे ‘अ’ विभागात बढती. बढती म्हणजे पुढच्या वेळी गटात जपान, कोरिया वगैरे. २०२१ मध्ये अम्मानला जपानने आपल्याला १३६-४६ असं चेचलं, आपण आठव्या आलो आणि परत ‘ब’मध्ये. प्रमोशननंतर सहा महिन्यांत ज्यांचे केस पिकलेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता मूळ मुद्दा. २००९ च्या नोव्हेंबर अखेरीस सोळा वर्षांखालच्या मुलींची आशियाई स्पर्धा पहिल्यांदाच भरली, आणि ती भरली पुण्यात. चीन पहिला, जपान दुसरा. त्या जोरावर दोघे पुढच्या वर्षी सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला फ्रान्सला गेले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या मोठ्या मुलींनी सिल्व्हर घेतलं. आपल्याकडे त्या आठवड्याचं काय उरलं, हे मी गेला महिनाभर विचारत फिरतेय. स्पर्धा झाल्याचंच कुणाला आठवत नाही.

महिनाभर का, तर आमच्या सोसायटीत सध्या पोल चालू आहे. मागच्या बाजूला एक हाफ कोर्ट आहे, रिंगची जाळी कधीच गेली. तिथे टू-व्हीलर पार्किंग करावं असा प्रस्ताव आहे. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, ‘कोण खेळतं तिथे?’ काका सज्जन आहेत, पण संध्याकाळी सहाला ते खाली नसतात. सहाला बी विंगमधल्या चार मुली असतात. सगळ्यात मोठी सातवीत. त्यांच्याकडे मुलग्यांचा सात नंबरचा बॉल होता, हाताला मोठा पडायचा. फ्लॅटमेटने सहा नंबरचा आणून दिला. आता त्यांच्या बाद झालेल्या शॉट्सवरही ती वरून, बाल्कनीतून, ओरडत असते. शेजारच्या फ्लॅटमधल्या आजींनी तक्रार केली नाही. त्या खुर्ची घेऊन येतात.

पार्किंगची अडचण खोटी नाही, हेही सांगते. माझी स्वतःची स्कूटी गेटबाहेर, पावसात असते. तरी मी ‘नको’वर बोट ठेवलं. पोलवर आम्ही बरेच मागे आहोत, पण काकांच्या म्हणण्याप्रमाणे पोल नुसताच अंदाजासाठी, खरं मत सभेत. सभा रविवारी अकराला, क्लब हाऊसमध्ये. चौघींना मत नाही. त्यांच्या आई-बाबांना आहे, आणि रविवारी अकराला आमच्या सोसायटीतले आई-बाबा एक तर मॉलमध्ये असतात नाही तर झोपेत. म्हणून शनिवारी संध्याकाळी फ्लॅटमेट बी विंगच्या बाराही मजल्यांवर बेल वाजवणार आहे. लिफ्ट बंद आहे, आणि तिने सोबतीला मला धरलंय.