दहा सह्या आणि लोचो

घरी कुत्रा आहे असं सांगितलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ब्रीड कोणती?" मी सांगते, "दिंडोली." एकीने खरंच मोबाइलवर शोधून पाहिलं होतं. दिंडोली म्हणजे सुरतमधला आमचा भाग. उधना, लिंबायत, गोडादरा, दिंडोली या पट्ट्यात जळगाव-धुळे-नंदुरबारकडची इतकी माणसं आहेत की भाजीवालासुद्धा निम्मी अहिराणी बोलतो. आमचा कुत्रा तिथेच, एका उभ्या टेम्पोखाली जन्मला.

गल्लीतली कुत्री व्याली की पोरं घरोघर फिरून पीठ, गूळ, तेल गोळा करतात आणि तिच्यासाठी शिरा करतात. ही गुजरातची रीत. आमच्या मराठी गल्लीने ती कधी आपली केली ते कुणालाच आठवत नाही. तर त्या शिऱ्याच्या दुधावर वाढलेल्या पिल्लांपैकी एकाचा पाय 2025 च्या उत्तरायणात मांजाने कापला. मी तेव्हा घरी होते. उचललं, डॉक्टरकडे नेलं, टाके घालून घरी आणलं. पप्पा दारातच म्हणाले, "लोचा करून आलीस ना?" सुरतमध्ये लोचो नावाचा पदार्थ मिळतो, खमण बिघडलं त्यातून तो निघाला असं सांगतात. नाव तिथेच ठरलं.

आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच्या फ्लाइंग राणीने मी मुंबईला निघून आले. हे लपवत नाही, कारण आमच्या पिढीत माझ्यासारखे बरेच आहेत. उचलायचं आपण, फोटो टाकायचे आपण आणि शी-शू काढायची आई-बापांनी.

पप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, ज्याला सुरतमध्ये सगळे नुसतं 'मिल' म्हणतात, ते कापड रंगवायच्या खात्यात होते. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा, 2024 च्या दिवाळीत, काम सुटलं. अकरा वर्षं आम्ही त्या गल्लीत राहतोय, पण पप्पांना शेजारच्या चार घरांपलीकडे कुणाचं नाव माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? जागं असताना मिल, घरी असताना झोप. काम सुटल्यावर ते दिवसभर खाटेवर मोबाइल बघत बसायचे. मम्मी फोनवर आवाज बारीक करून सांगायची, "दिवसाला दहा शब्द बोलतात."

त्या माणसाच्या गळ्यात मी लोचो अडकवला. पहिले पंधरा दिवस मम्मीचे फोन म्हणजे तक्रारींची यादी. मग एकदा सकाळी सहाला फोन केला तर मागून पप्पांचा आवाज आला, "आठे ये, आठे ये!" ते रस्त्यावर होते. गुडघे दुखतात म्हणून किराणा आणायला न जाणारा माणूस सकाळ-संध्याकाळ लोचोला फिरवत होता, कारण लोचोला गुडघे वगैरे काही समजत नाही. त्याला सहा वाजलेले समजतात.

'कुत्रा निखळ प्रेम देतो' असं सगळीकडे वाचायला मिळतं. खोटं नाही ते. जपानी संशोधकांनी 2015 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं होतं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे टक लावून बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, तेच संप्रेरक जे आई आणि बाळाच्या नात्यात काम करतं. माणसांनी हातावर वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसं दिसलं नाही. (आमच्याकडे ही टक फक्त चहा-खारीच्या वेळी लागते. ऑक्सिटोसिन किती आणि खारी किती, कोण जाणे.) पण मला वाटतं, पप्पांना बदललं ते प्रेमाने कमी आणि लोचोच्या मागण्यांनी जास्त. मराठीत आपण कुत्रा पाळतो. वेळही पाळतो, पथ्य पाळतो, दिलेला शब्द पाळतो. क्रियापद एकच आहे. मिल सुटल्यावर पप्पांकडे पाळण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

म्हणूनच हौसेच्या कुत्र्यांचा मला राग येतो. सुरतमध्ये मे महिन्यात घराबाहेर पाऊल टाकवत नाही, हवा खाडीची, दमट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि हवा दमट असली की तेही नीट जमत नाही. तिथे सैबेरियाचा हस्की आणून एसीच्या खोलीत कोंडायचा, ही कसली आवड? त्याच पैशात गल्लीतल्या दहा पिल्लांची लस होईल.

आता सह्यांकडे येते. 2025 च्या जुलैमध्ये सुरत महानगरपालिकेची एक अट फार गाजली. पाळीव कुत्र्याचा परवाना हवा, आणि त्यासाठी फ्लॅटवाल्यांनी सोसायटीचं ना-हरकत पत्र आणायचं, तर रो-हाऊस, बंगलेवाल्यांनी दहा शेजाऱ्यांची संमती. प्राणिप्रेमी चिडले. मीही चिडले. बुलेटचा सायलेन्सर काढून फिरायला कुणाची सही लागत नाही, रात्री दोनपर्यंत डीजे लावायला लागत नाही, आणि लंगड्या लोचोला दहा लागतात? मी एक तिखट पोस्ट लिहिली, दीडशे लाइक मिळाले.

पप्पांनी पोस्ट वगैरे काही वाचली नाही. त्यांनी माझ्या जुन्या वहीचं पान फाडलं, एक ते दहा आकडे घातले आणि लोचोला घेऊन निघाले. जे घर अकरा वर्षांत चढले नव्हते त्याची पायरी चढले. समोरचे गंजामचे ओडिया काका लूमवर रात्रपाळी करतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. दोघे रात्रपाळीवरच तासभर बोलले. कोपऱ्यावरच्या चाचांनी सही करताना अट घातली की त्यांचा नातू लोचोला फिरवायला येणार. एका घरी पारोळ्याचं कुणी निघालं, मग काय, नातं जुळायला किती वेळ! नऊ सह्या चार दिवसांत झाल्या.

दहाव्या घरातल्या बाईंनी नकार दिला. त्यांच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या गल्लीत कुत्रा चावला होता, पोटरीला. "भाईसाब, आपका कुत्ता अच्छा होगा. लेकिन मैं साइन नहीं करूँगी." फोनवर हे ऐकून मी वाद घालायच्या तयारीत होते. लोचोचं लसीचं बुक दाखवा म्हटलं, तो कसा गरीब आहे ते सांगा म्हटलं. पप्पा म्हणाले, "कशाला? पोराला लागलंय तिच्या."

मी गप्प झाले. त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयाचा 11 तारखेचा आदेश आणि 22 तारखेची दुरुस्ती गाजत होती. आधी सगळी कुत्री निवारा केंद्रात डांबायची होती, मग नसबंदी आणि लस करून जागच्या जागी सोडायची ठरलं. रेबीज झालेली किंवा आक्रमक मात्र सोडायची नाहीत. आमच्या वर्गाचे लगेच दोन तट. आमचा तट 'बेजुबान' वगैरे हॅशटॅग लावत होता. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे आमच्यापैकी कुणी लिहिलं नव्हतं. चावलेल्या पोराची आई आमच्या कुठल्याच पोस्टमध्ये नव्हती. माझ्याच गल्लीत ती राहत होती आणि मला तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता.

तरीही मी अटीच्या बाजूची झाले असं समजू नका. शेजाऱ्याशी भांडण असलेल्याने काय करायचं? भाडेकरूने काय करायचं? कुणाच्या जातीवर किंवा ताटावर नाक मुरडणारा शेजारी कुत्र्याच्या कागदावर सही करेल? लस, पट्टा आणि स्वच्छता ही जबाबदारी मालकावर टाका, मोडली तर दंड करा, ते योग्य. माझा आक्षेप कागदाला आहे. पप्पांच्या त्या चार दिवसांच्या फेरीला नाही.

दहावी सही मागच्या बाजूच्या घरातून मिळाली. त्या बाईंच्या दारावरून जाताना पप्पा आजही पट्टा आखडून गल्लीच्या पलीकडच्या कडेने जातात. मुलगा खिडकीत उभा असतो. गेल्या महिन्यात त्यांनी पप्पांना हाक मारून विचारलं, यंदाची लस कधी आहे? पप्पांनी तारीख सांगितली. त्यांनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतली. लस टोचली की बुक आधी त्यांना आणून दाखवायचं, असं ठरलंय. सही त्यांनी अजून केलेली नाही.