घडविणारे हात

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे पाहिलेले मूल अंगणवाडीत मातीचा घोडा घडविते, तेव्हाच खरे शिक्षण घडते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, खडे हीच शैक्षणिक साधने मानली. शासनाने अंगणवाडीला मोबाइल दिला तो मात्र नोंदी भरण्यासाठी. निकृष्ट यंत्रे व इंग्रजी ॲप यांना विटून राज्यातील सेविकांनी २०२१ मध्ये मोबाइल परत केले. हा यंत्राला विरोध नव्हे. यंत्राने भिली बोलणाऱ्या बालकाची गोष्ट त्याच्याच आवाजात टिपावी. त्याला निव्वळ प्रेक्षक करू नये. हे ज्या सेविकेने घडवायचे, ती आजही मानधनावर राबते. तिला वेतन आणि बालकाला मातृभाषा, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव लावून धरली पाहिजे.